हातातली साखळी

मुलांनो, माणगंगेच्या काठाने मेंढरांचा कळप जाताना तुम्ही पुष्कळ वेळा पाहिला असेल. पुढे मेंढपाळ चालतो. मागे घोड्याच्या पाठीवर सारा संसार लादलेला असतो. कळपाच्या कडेने एक कुत्रा चालत असतो. तो कधी थांबतो, कधी मागे पडलेल्या कोकराजवळ जाऊन उभा राहतो. त्याला कोणी हाक मारीत नाही आणि त्याच्या गळ्यात साखळीही नसते. काही मेंढपाळ मात्र त्याच्या गळ्यात खिळे बाहेर आलेला पट्टा बांधतात. तो कुत्र्याला धरून ठेवण्यासाठी नसतो. आपल्या माण तालुक्यातील माळावर अजून लांडगा फिरतो. झटापटीत लांडग्याने कुत्र्याचा गळा धरू नये, म्हणून तो पट्टा असतो.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कुत्रा पाळत नाहीत. तरीही कुत्र्याची निष्ठा आपल्याला अनोळखी नाही. गुहेच्या तोंडाशी पाय पसरून बसलेला अस्हाबे कहफचा कुत्रा तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. मराठीत कुत्र्याला 'इमानी प्राणी' म्हणतात. येथे जरा थांबा. 'ईमान' हा शब्द तुम्ही उर्दूत श्रद्धा या अर्थाने वापरता. मराठीत येताना त्याचा अर्थ थोडा बदलला. ज्याचे मीठ खाल्ले, त्याच्याशी प्रामाणिक राहणे म्हणजे मराठीतले 'इमान'. उर्दूत यालाच आपण 'वफा' म्हणतो.

आजच्या पाठात मात्र मी तुम्हांला माळावरच्या कुत्र्याविषयी सांगणार नाही. हा पाठ पोलिसांच्या कुत्र्याविषयी आहे, आणि त्याची साखळी हातात धरणाऱ्या माणसाविषयीही आहे.

मार्गशीर्ष महिन्यात म्हसवडला श्री सिद्धनाथाची रथयात्रा भरते. गाव माणसांनी फुलून जाते. अशा गर्दीच्या ठिकाणी पोलिसांचा बंदोबस्त असतो. कधी कधी त्या बंदोबस्तात कुत्राही असतो. एकदा वर्गात याच विषयावर बोलणे चालले होते. कुत्र्याला शिकवतात कसे, तो खातो काय, चावतो का, असे प्रश्न मुले विचारीत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, कुत्रा रिटायर झाल्यावर जातो कुठे?"

वर्ग हसला. मला मात्र त्याचे उत्तर चटकन देता आले नाही. या पाठात त्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे.

पोलिसांच्या या विभागाला 'श्वान पथक' म्हणतात. श्वान म्हणजे कुत्रा. हा शब्द फक्त लिहिण्यात येतो. रस्त्यावरच्या कुत्र्याला कोणी श्वान म्हणत नाही. जो पोलीस कुत्र्याला सांभाळतो आणि त्याच्याबरोबर काम करतो, त्याला 'श्वान हस्तक' म्हणतात. वर्तमानपत्रात 'गुंडाचा हस्तक' असेही छापून येते. त्या हस्तकाशी याची गल्लत करू नका! बोलताना पोलीस सरळ 'डॉग हँडलर' असेच म्हणतात. एका कुत्र्याला बहुधा दोन हस्तक असतात. एक रजेवर गेला किंवा आजारी पडला, तर दुसरा असतो.

चोरीच्या बातमीत एक वाक्य नेहमी येते. 'श्वान काही अंतरापर्यंत गेले व तेथेच घुटमळले.' घुटमळणे म्हणजे पुढे न जाता त्याच जागी फिरत राहणे. हे वाक्य वाचून लोकांना वाटते, कुत्र्याला जमले नाही. पण बहुतेक वेळा त्या जागी चोर मोटारसायकलवर किंवा गाडीत बसलेला असतो. पायांचा माग तेथे संपतो. कुत्रा चोरापर्यंत पोहोचत नाही, पण चोर कोठून वाहनात बसला, हे तो अचूक सांगतो. पोलिसांना तेवढीही माहिती उपयोगी पडते.

कुत्र्याचे नाक ही एक नवलाची वस्तू आहे. वास ओळखणाऱ्या पेशी आपल्या नाकात सुमारे ५० ते ६० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या २० ते ३० कोटी असतात, असे सांगतात. आपण श्वास ज्या वाटेने घेतो, त्याच वाटेने सोडतो. कुत्र्याच्या नाकपुडीला बाजूने चीर असते. हुंगताना त्याचा उच्छ्वास त्या चिरेतून बाहेर जातो, त्यामुळे समोरून येणारा नवा वास विस्कटत नाही. स्वयंपाकघरात शिरल्यावर आपल्याला 'सालन शिजत आहे' एवढेच कळते. कुत्र्याला कांदा, हळद, मिरची, मांस आणि मीठ ठेवलेल्या बरणीचे झाकण, सारे वेगवेगळे कळते. म्हणून तेलाच्या डब्यात किंवा कपड्यांच्या गाठोड्यात लपवलेला पदार्थही तो ओळखू शकतो.

परंतु नुसते नाक पुरेसे नसते. त्या नाकाला काय शोधायचे, हे शिकवावे लागते. महाराष्ट्र पोलिसांचे श्वान प्रशिक्षण केंद्र पुण्यात शिवाजीनगरला आहे. ते गुन्हे अन्वेषण विभागाकडे आहे. तेथे पिल्लू एकटे शिकत नाही. त्याचा हस्तकही त्याच्याबरोबर शिकतो. बसणे, थांबणे, बरोबर चालणे हे पहिले धडे. मग वासाचे धडे सुरू होतात. कुत्र्याला बॉम्ब म्हणजे काय, हे मुळीच माहीत नसते. तो समजतो की हा एक खेळ आहे. अमुक वास सापडला की आपल्याला चेंडू मिळतो, शाबासकी मिळते. साऱ्या शहराचा जीव ज्यावर अवलंबून असतो, ते काम तो एका चेंडूसाठी करतो. मला या गोष्टीचे फार आश्चर्य वाटते.

स्फोटके शोधणाऱ्या कुत्र्याला आणखी एक गोष्ट शिकवतात. वास सापडला की भुंकायचे नाही, पंजाने उकरायचे नाही. त्या जागी शांत बसायचे. उकरले तर स्फोट होऊ शकतो. कुत्रा बसला की हस्तकाने समजायचे, त्याला शाबासकी देऊन मागे न्यायचे आणि पुढचे काम बॉम्बशोधक व नाशक पथकातील तज्ज्ञांवर सोपवायचे. येथे तुम्ही साखळीचा विचार करा. साखळीच्या एका टोकाला कुत्रा असतो आणि दुसऱ्या टोकाला माणूस. दोघांमध्ये काही हातांचेच अंतर असते. कुत्रा चुकला तर दोघांचाही जीव जाऊ शकतो. माणसाने घाई केली, कुत्र्याला पुढे ओढले, तरीही तेच. म्हणून कुत्रा हस्तकाला ओळखतो, एवढ्याने भागत नाही. हस्तकालाही कुत्रा वाचता यावा लागतो. शेपटी ताठ झाली, श्वास बदलला, मान किंचित वळली, अशा बारीक खुणांवरून त्याला समजावे लागते. हे पुस्तकातून येत नाही. रोज पहाटे त्याच्याबरोबर धावावे लागते, त्याचे केस विंचरावे लागतात, पंजे व कान तपासावे लागतात, स्वतःच्या हाताने त्याला खाऊ घालावे लागते. त्याला परक्याच्या हातचे खाऊ नये, असे शिकवलेले असते. दिवाळी असो की ईद, कुत्र्याला भूक लागतेच!

आता एका खऱ्या कुत्र्याची हकीकत ऐका. त्याचा जन्म ७ जानेवारी १९९२ रोजी झाला. तो लॅब्राडोर जातीचा होता. ही जात मूळची कॅनडाकडील न्यूफाउंडलंड बेटाच्या किनाऱ्यावरची. तेथे हे कुत्रे मासेमारांना जाळी ओढायला मदत करीत. या पिल्लाचा रंग आल्यासारखा पिवळसर तांबूस होता, म्हणून त्याला लाडाने 'जिंजर' म्हणत. पण त्याचे खरे नाव होते 'झंजीर'. १९७३ सालच्या गाजलेल्या हिंदी चित्रपटावरून ते ठेवले होते. या शब्दाचा अर्थ मी तुम्हांला सांगायला नको. ज्याच्या गळ्यात साखळी, त्याचेच नाव साखळी!

झंजीर पुण्याला शिकला आणि २९ डिसेंबर १९९२ रोजी मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात दाखल झाला. तेव्हा तो एक वर्षाचाही नव्हता. अडीच महिनेही झाले नाहीत, तोच १२ मार्च १९९३ चा शुक्रवार उजाडला. त्या दुपारी मुंबईत एकापाठोपाठ एक १२ बॉम्बस्फोट झाले. २५७ माणसे मरण पावली. शेकडो लोक जखमी झाले. शेअर बाजारापाशी, झवेरी बाजारात, एअर इंडियाच्या इमारतीपाशी, जेथे माणसे आपल्या पोटापाण्याच्या कामात होती, तेथे हे घडले. मेलेल्यांत सर्व धर्मांची माणसे होती.

स्फोट थांबले, पण भीती थांबली नाही. रस्त्यावर बेवारस पिशवी दिसली तरी लोक पळत. आणि ती भीती खोटी नव्हती. न फुटलेली स्फोटके शहरात खरोखरच होती. १५ मार्च रोजी झवेरी बाजाराजवळच्या धनजी स्ट्रीटवर एक बेवारस स्कूटर उभी होती. झंजीरने तिच्यातील आरडीएक्स ओळखले. पथकाने तो बॉम्ब निकामी केला. ती अरुंद गल्ली आहे आणि तेथे माणसांची सतत दाटी असते. पुढच्या दिवसांत सिद्धिविनायक मंदिराजवळ आणि झवेरी बाजारात सापडलेल्या बेवारस बॅगांतील शस्त्रे व स्फोटकेही त्यानेच दाखवून दिली. झंजीर तेव्हा फक्त चौदा महिन्यांचा होता. आपल्या हिशेबाने तो अजून शाळकरी मुलगाच म्हणायचा.

त्याच्या नावावर जी नोंद आहे, ती वाचा: ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसे. डिटोनेटर म्हणजे स्फोट सुरू करणारी लहानशी नळी. किती माणसांचे प्राण वाचले, ते कोणत्याही नोंदवहीत लिहिता येत नाही. न झालेल्या स्फोटात कोण मेले असते, हे कोण सांगणार? धनजी स्ट्रीटवरून त्या दिवशी घरी गेलेल्या माणसांना आपण कोणामुळे घरी गेलो, हे कदाचित आजही माहीत नसेल.

झंजीर निवृत्त झालाच नाही. त्याला हाडांचा कर्करोग झाला. परळच्या जनावरांच्या रुग्णालयात त्याच्यावर उपचार चालू होते. तेथेच १६ नोव्हेंबर २००० रोजी तो मरण पावला. तो नऊ वर्षांचाही झाला नव्हता. पोलिसांनी पूर्ण इतमामाने त्याला दफन केले. इतमाम म्हणजे मानसन्मान. हा शब्दही तुमच्याकडच्या 'एहतमाम'चाच भाऊ आहे. त्या वेळचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. फुलांनी झाकलेला झंजीर जमिनीवर निजलेला आहे आणि एक वरिष्ठ पोलीस अधिकारी वाकून त्याला फुले वाहत आहे. दर वर्षी मार्च महिना आला, की लोक ते छायाचित्र अजूनही एकमेकांना पाठवतात.

अधिकाऱ्याचे छायाचित्र निघाले. पण मला त्या छायाचित्रात नसलेल्या गोष्टी आठवतात. ज्यांनी रोज त्याचे पंजे तपासले, त्या हातांना दुसऱ्या दिवशी सकाळी काय काम उरले असेल?

मराठीत 'निरोप' हा मोठा विचित्र शब्द आहे. त्याचे दोन अर्थ आहेत. 'आईने निरोप पाठवला' असे म्हटले, तर निरोप म्हणजे पैगाम. 'पाहुण्यांना निरोप दिला' असे म्हटले, तर निरोप म्हणजे रुखसत. माणसाच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ जुळतात. शिक्षक निवृत्त झाले तर त्यांना महिनाभर आधी कळते. ते भाषण करतात, शाल घेतात, डोळे पुसतात. कुत्र्याला रुखसत देता येते, पण पैगाम देता येत नाही. 'उद्यापासून तुला कामावर यायचे नाही', हे त्याला कोणत्या भाषेत सांगणार? पट्टा हातात घेतला, की तो नेहमीसारखाच उठून उभा राहतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये नाशिक शहर पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील 'स्पाइक' नावाचा कुत्रा निवृत्त झाला. त्याने ११ वर्षे नोकरी केली होती. एखादा अधिकारी निवृत्त व्हावा, तसा त्याचा निरोप समारंभ झाला. पोलिसांची गाडी सजवली होती. तिच्या पुढच्या भागावर हार घालून स्पाइकला बसवले होते. दोन्ही बाजूंना पोलीस उभे राहून टाळ्या वाजवीत होते आणि गाडी हळूहळू पुढे जात होती. राज्याच्या गृहमंत्र्यांनीही त्याचे कौतुक केले. ते चलच्चित्र मी पाहिले आहे. टाळ्या कशासाठी चालल्या आहेत, हे स्पाइकला समजले असेल, असे मला वाटत नाही. पण आपली माणसे जवळ आहेत, एवढे त्याला नक्कीच कळत असावे.

आता मागच्या बाकावरच्या प्रश्नाकडे वळू. निवृत्त कुत्रा जातो कुठे?

याचे उत्तर सगळीकडे सारखे नाही. कुठे हस्तकच त्याला आपल्या घरी नेतो. पण प्रत्येकाला ते शक्य नसते. पोलीस वसाहतीतील घर लहान असते, घरात माणसे असतात, मोठ्या कुत्र्याचा खाण्याचा व औषधाचा खर्च असतो. कुठे प्राणिप्रेमी माणसे किंवा संस्था त्याला सांभाळतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्याच्या वेळी मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चार लॅब्राडोर पथकात होते. मॅक्सने ताज हॉटेलपाशी स्फोटके शोधली. सीझरने छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दडवलेले हातबॉम्ब दाखवले. निवृत्त झाल्यावर हे सोबती विरारकडच्या एका मोकळ्या शेतघरात राहायला गेले. २०१६ साली एप्रिलमध्ये मॅक्स गेला, मग सुलतान, मग टायगर. सीझर एकटा उरला. तो खिन्न झाला आहे, नीट खात नाही, असे तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आले होते. ऑक्टोबरमध्ये तोही गेला. चौघेही एकाच वर्षात गेले.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. तुम्ही आता मोठे आहात, म्हणून सांगतो. आपल्या लष्करातील कुत्रे म्हातारपणाने किंवा आजाराने कामाला निरुपयोगी झाले, की त्यांना औषध देऊन कायमचे झोपवीत. २०१५ साली माहितीच्या अधिकारातून ही गोष्ट लोकांसमोर आली. लोक हळहळले. प्रश्न न्यायालयात गेला. त्यानंतर ही पद्धत बदलण्याचे ठरले, आणि निवृत्त कुत्र्यांना मेरठच्या लष्करी केंद्रात ठेवण्याची व चांगल्या घरी देण्याची सोय झाली. जो जीव आपल्यासाठी बॉम्बजवळ जाऊन बसला, त्याला शेवटची काही वर्षे उन्हात पडून राहायला जागा द्यायची की नाही, हे ठरवायला आपल्याला इतकी वर्षे लागली. मला याची लाज वाटते.

आणि हस्तकाचे काय होते? तो तर निवृत्त होत नाही. त्याची नोकरी अजून बरीच शिल्लक असते. काही दिवसांनी त्याला नवे पिल्लू मिळते. पुन्हा पुण्याचे प्रशिक्षण, पुन्हा 'बस', 'थांब', पुन्हा चेंडू. आधीच्या कुत्र्याला जे डोळ्यांच्या इशाऱ्याने कळत होते, ते या नव्या पिल्लाला दहा वेळा सांगावे लागते. ते पट्टा चावते, रस्त्यावरच्या मांजरामागे धावते, भलतीकडेच हुंगत बसते. हस्तकाच्या तोंडून चुकून जुनेच नाव निघते. पिल्लू मान वर करून त्याच्याकडे पाहते. मग तो ते नाव बदलून पुन्हा हाक मारतो, खिशातून चेंडू काढतो आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला फेकतो.

स्वाध्याय

१. 'श्वान तेथेच घुटमळले' या बातमीचा खरा अर्थ काय असू शकतो, ते तुमच्या शब्दांत लिहा.

२. स्फोटके सापडल्यावर कुत्र्याने भुंकू किंवा उकरू नये, असे का शिकवतात?

३. 'निरोप' हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरून एकेक वाक्य लिहा.

४. इमान, इतमाम, शिपाई, हवालदार, सलाम हे मराठी शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. असे आणखी पाच शब्द शोधा. मराठीत येताना त्यांपैकी कोणाचा अर्थ बदलला, ते घरातील मोठ्यांना विचारून लिहा.

५. तुमच्या ओळखीच्या एखाद्या मेंढपाळाला भेटा. त्याचा पहिला कुत्रा कोणता होता आणि तो कसा गेला, हे त्याला विचारा. त्याने सांगितलेले दहा ओळींत लिहून आणा.